परभणीच्या उन्हाळ्यात पनामा हॅट

शाळेत एकोणतीस वर्षे भूगोल शिकवताना पनामा कालव्याचा धडा मी इतक्या वेळा घेतला होता की, १९१४ हे साल माझ्या तोंडून झोपेतही निघाले असते. तरीही पनामा हॅट पनामात विणली जात नाही, ती इक्वेडोरमध्ये विणली जाते, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, आणि तीही माझी पहिली हॅट पावसात विरघळून गेल्यावर.

हॅटची गरज हौसेपोटी निर्माण झालेली नव्हती. निवृत्तीनंतर परभणीहून रोज वडिलोपार्जित चार एकरांवर जाऊ लागलो आणि दोन उन्हाळ्यांत कानांच्या पाळ्यांवर व मानेवर खरखरीत डाग उठले. कान आणि मान सावलीत राहतील असे काहीतरी डोक्यावर घेत जा, असे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले. गांधी टोपी कानांना सावली देत नाही. वडील बांधत असत तो पटका हे काम उत्तम करतो, परंतु तो बांधण्याचा हात माझ्याकडे उतरला नाही, आणि नुसता रुमाल गुंडाळला की घाम चष्म्यावर ओघळतो. छत्रपती संभाजीनगरला एका लग्नासाठी गेलो असताना बाजारात साडेसहाशे रुपयांना रुंद काठाची एक पांढरी हॅट मिळाली. आतल्या पट्टीवर ‘अस्सल पनामा’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले होते. गावात शिरल्यावर पारावरच्या मंडळींनी मला ‘पंच’ म्हणायला सुरुवात केली, कारण अशी हॅट त्यांनी क्रिकेटच्या पंचांच्याच डोक्यावर पाहिलेली होती.

वैशाखातल्या वळवाने त्या हॅटचा निकाल लावला. बांधावरून गोठ्यापर्यंत पोचेतो तिचा काठ भिजलेल्या पापडासारखा खाली लोंबू लागला होता. घरी येऊन एक सुटलेली काडी ओढली आणि दोन बोटांत पीळ उलट्या दिशेने उलगडला, तर ती काडी उलगडत जाऊन कागदाची चपटी पट्टी झाली. ती हॅट गवताची नव्हतीच; पीळ दिलेल्या कागदाच्या सुतळीची होती. अशा कागदी हॅट जगभर विकल्या जातात आणि कोरड्या हवेत त्या बरे काम देतात, म्हणून त्या वस्तूवर माझा राग नाही. राग आहे तो आतल्या सोनेरी अक्षरांवर.

शिक्षकाची खोड अशी की, फसगत झाली तरी आधी धडा वाचायचा. वाचता वाचता लक्षात आले की, या हॅटचे नावच मुळात वाटेवरच्या गावाचे आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यावर विणलेल्या हॅट एकोणिसाव्या शतकात पनामाच्या संयोगभूमीवरून पुढे जात. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सोन्याच्या मागे धावणारे लोक तीच चिंचोळी जमीन ओलांडत होते, उन्हाने हैराण झालेले होते, आणि हॅट त्यांना तिथे मिळत होती. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती युरोपने पाहिली. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कालव्याचे खोदकाम पाहायला गेले असताना ही हॅट घातलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि ‘पनामा’ हे नाव कायमचे चिकटले. इक्वेडोरचे अध्यक्ष झालेले एलॉय अल्फारो हे मोन्तेक्रिस्ती या विणकरांच्या गावचे होते आणि त्यांच्या घरातच हॅटच्या निर्यातीचा व्यापार होता, हे वाचून तर मला जुन्या वर्गांतील सगळ्या मुलांना परत बोलावून तो धडा नव्याने शिकवावा असे वाटले.

ज्या वनस्पतीपासून ही हॅट होते तिला तिकडे तोकिया म्हणतात. शास्त्रीय नाव कार्लुडोविका पाल्माटा. दिसायला ती ताडामाडासारखी असली तरी त्या कुळातील नाही, त्यामुळे आपल्याकडच्या शिंदीशी तिची तुलना दिसण्यापुरतीच करता येते. पाने उलगडण्याआधीच कोवळे कोंभ कापतात, बाहेरचे हिरवे आवरण काढून आतले तंतू वेगळे करतात, ते उकळतात, वाळवतात आणि गंधकाच्या धुराने उजळवतात. त्यानंतर विणकाम. साध्या हॅटला एखादा दिवस पुरतो, तर अतिशय बारीक विणीच्या हॅटला आठ महिनेही लागतात. युनेस्कोने २०१२ मध्ये या विणकामाची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. माझ्या दृष्टीने या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती, ती म्हणजे पिले नावाच्या किनारी वस्तीतील सर्वांत बारीक विणकाम विशिष्ट दमट हवेतच होऊ शकते. पेरूच्या थंड सागरी प्रवाहामुळे त्या किनाऱ्यावर ढगाळ, धुकट दिवस येतात, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलेले होते. परंतु अशा हवेत जन्मलेली वस्तू बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या परभणीत आणली तर तिचे काय होईल, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही, आणि त्याची किंमत मी दुसऱ्या हॅटमध्ये मोजली.

दुसरी हॅट मी परदेशातील एका दुकानातून थेट मागवली. शिंप्याकडची फीत घेऊन भुवयांच्या बोटभर वरून आणि कानांच्या वरून डोके मोजले. साडेसत्तावन्न सेंटिमीटर भरले. अशा वेळी अठ्ठावन्नची हॅट घ्यावी आणि आतल्या चामडी पट्टीमागे फोमची अरुंद पट्टी सरकवावी, कारण सैल हॅट घट्ट करता येते, घट्ट हॅट सैल करताना मात्र विणीवर ताण येतो. एवढे मी नीट केले. महिनाभराने पोस्टमन पार्सल घेऊन आला, सीमाशुल्क भरले, आणि बाल्सा लाकडाची एक लांबट, हलकी पेटी हातात आली. हॅट गुंडाळी करून तिच्यात ठेवलेली होती. सोबतच्या कागदावर, ही हॅट गुंडाळून प्रवासात नेता येते, असे अभिमानाने लिहिलेले होते.

तो एप्रिलचा तिसरा आठवडा होता आणि दुपारचे दोन वाजले होते. घरात सगळे भोवती जमले असल्याने मी पेटी तिथल्या तिथे उघडली, गुंडाळी सोडवली, आणि तिच्या डोक्यावर पडलेली घडी बाहेर काढण्यासाठी पुढची चिमट्यासारखी खाच दोन बोटांनी दाबून सरळ केली. उडीद डाळीचा वाळलेला पापड मोडावा तसा बारीकसा आवाज झाला. खाचेच्या टोकाला पाच-सहा काड्या ओळीने तुटल्या होत्या. साडेसात हजार रुपयांची वस्तू एकदाही डोक्यावर न चढता जायबंदी झाली होती. दुकानाला लिहिले तेव्हा, हॅट नाजूक असते हे ग्राहकाने समजून घ्यावे, असे उत्तर आले. गुंडाळता येते असे छापणाऱ्यांनी, ती कोणत्या हवेत गुंडाळता येते हेही छापायला हवे होते, असे मी उलट कळवले. त्यावर काही उत्तर आले नाही.

रफू करून घ्यावे म्हणून ती हॅट मी बुरूडकाम करणाऱ्या एका मावशींकडे नेली. आमच्या घरातील सुपे आणि दुरड्या वर्षानुवर्षे त्यांच्याच हातच्या. त्यांनी हॅट घेतली, उलटी केली आणि न सांगता उन्हाकडे तोंड करून डोळ्यांसमोर धरली. तेव्हा मला प्रथमच दिसले की, माथ्याच्या मधोमध असलेल्या एका लहानशा चकतीपासून एकात एक वर्तुळे निघालेली आहेत. घेर वाढवण्यासाठी जिथे जिथे नव्या काड्या घातल्या होत्या, तिथे तिथे वीण दाट होऊन उजेडात एक कडे उमटत होते. मावशी काठापर्यंत बोट फिरवत गेल्या आणि तिथे थांबल्या.

“ह्यो काठ येगळ्या हातचा हाय, सर,” त्या म्हणाल्या. “इणनारानं इणून सोडलं, बंद केलं दुसऱ्यानं. बगा, हितली वढ निराळी हाय.”

मी तो त्यांचा अंदाज समजलो. पुढे काही दिवसांनी वाचनात आले की, काठ उलटा विणून बंद करण्याचे काम तिकडे खरोखरच वेगळे कारागीर करतात. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, त्यांनी कधी नावही न ऐकलेल्या देशात, एक हात थांबला आणि दुसऱ्याने काम उचलले, हे त्यांच्या बोटाला नुसत्या ओढीवरून समजले होते. मी मात्र तीच हॅट आठवडाभर भिंगाखाली पाहत होतो.

रफू करायला त्यांनी साफ नकार दिला. सुईचा दोरा ओढला की शेजारची कोरडी काडी तुटेल आणि भोक वाढत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलेल्या कामट्यांकडे बोट दाखवले. “कोरडी काडी वाकविली की मोडनारच. आदी पानी दावायचं, मंग वाकवायचं. तुमी इतके शिकलेले, हे कसं इसरलात?” मजुरी घ्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून एक डालगे विकत घेऊन आलो.

दुरुस्ती शेवटी मीच केली. हॅट रात्रभर न्हाणीघरात ओल्या टॉवेलांजवळ ठेवली. पाण्याचा थेंब तिच्यावर पडू दिला नाही, फक्त दमट हवा लागू दिली. सकाळी काड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की, तुटलेली टोके बोटाने दाबताच एका रांगेत बसली. आतल्या बाजूने जुन्या मलमलीचा नखाएवढा तुकडा पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवला आणि वर पोलपाटाचे वजन येईल अशी युक्ती केली. बाहेरून पाहणाऱ्याला आता ती चीर दिसत नाही, मला दिसते. पेटीतील घडीची रेघ मात्र वाफेने गेली. पातेल्यात पाणी उकळून हॅट वीतभर उंचीवर फिरवत धरावी, काडी मऊ झाल्याचे बोटाला जाणवले की हाताने आकार द्यावा आणि ती थंड होईपर्यंत हात काढू नये. घाई केली की आकार परततो. वाफेच्या फार जवळ नेली तर आतली चामडी पट्टी आकसते, हेही मी स्वतःच्या चुकीने शिकलो.

तिसऱ्या हॅटसाठी दोन वर्षे थांबलो, कारण ती मोन्तेक्रिस्तीची घ्यायची होती आणि पाच क्विंटल सोयाबीनची पट्टी त्यासाठी बाजूला ठेवायची होती. या वेळी विक्रेत्यांची विशेषणे मी वाचली नाहीत. ‘फिनो’, ‘सुपरफिनो’, ग्रेड अमुक, ग्रेड तमुक असे जे काही लिहिलेले असते, त्याला सर्वांनी पाळावे असे एकच मोजमाप नाही. एका दुकानातील पंधरा दुसऱ्या दुकानात आठ असू शकतात. त्याऐवजी मी छायाचित्रे मागितली. माथा उजेडासमोर धरलेला हवा, काठाची कडा जवळून दिसायला हवी, आणि विणीवर मोजपट्टी ठेवलेली हवी. दोघा विक्रेत्यांनी टाळाटाळ केली, त्यांची नावे मी वहीतून खोडली. तिसऱ्याने त्याच दिवशी छायाचित्रे पाठवली. एका इंचात विणीच्या बावीस ओळी भरल्या; माझ्या दुसऱ्या हॅटमध्ये, जी अँडीजमधील क्वेंका शहराकडची आहे, त्या अकरा आहेत. आकडा दुप्पट दिसतो खरा, परंतु उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी मोजले तर तेवढ्याच जागेत चौपट गाठीभेटी होतात, आणि विणणाऱ्याचा वेळही त्याच हिशेबाने वाढतो. मोन्तेक्रिस्तीचे विणकर लाकडी ठोकळ्यावर छाती टेकवून, वाकून उभ्याने विणतात. बावीस ओळींचा काठ पाहताना ती वाकलेली पाठ डोळ्यांसमोर येते आणि भाव करण्याची इच्छा कमी होते.

ओळींच्या संख्येपेक्षाही त्यांचा सारखेपणा अधिक पाहावा, असे माझे मत बनले आहे. बारीक पण वेडीवाकडी वीण हातात घेतल्यावर डोळ्याला खुपते, तर बेताची पण एकसारखी वीण वर्षानुवर्षे समाधान देते. काठ कसा बंद केला आहे, हेही पाहावे. काड्या उलट्या आत विणून घेतलेल्या असतील तर कडा गुळगुळीत आणि सलग दिसते. कापून, दुमडून, शिवणयंत्राने शिवलेली कडा असेल तर ती हॅट वाईट ठरत नाही, पण तिला पहिल्या प्रतीची किंमत देऊ नये. लांब पट्टी गोल गोल शिवत नेऊन केलेल्या हॅट मात्र वेगळ्याच. त्यांच्या माथ्यावर शंखासारखी सलग वळणे आणि शिवणीचा दोरा दिसतो, वर्तुळांची कडी दिसत नाहीत.

ही तिसरी हॅट अमेरिकेतून येणाऱ्या माझ्या भाच्याने हातात धरून आणली. ती गुंडाळायची नाही, सामानात ठेवायची नाही, असे मी त्याला दोनदा फोन करून सांगितले होते. “मामा, विमानात मांडीवर लेकरू धरावं तशी धरली,” असे त्याने स्टेशनवर उतरताच ऐकवले. वेळ मे महिन्याची होती. खोके मी उघडले नाही. ते दोन दिवस कूलरच्या खोलीत तसेच ठेवले, तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर झाकण काढले आणि हॅट काठाला पुढून-मागून दोन्ही हातांनी धरून बाहेर घेतली.

कूलरचा हा उपयोग मला योगायोगानेच कळला. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या हवेने लाकडी दारे फुगतात, मीठ ओले होते, आणि आपण त्याला नावे ठेवतो. परंतु गवताच्या काडीला नेमका तेवढाच ओलावा हवा असतो. होळीपासून मृगापर्यंत माझ्या दोन्ही हॅट कूलरच्या खोलीत, झोत थेट लागणार नाही अशा पलीकडच्या भिंतीपाशी असतात. खुंटीला हॅट टांगायची नाही, कारण एकाच जागी भार येऊन माथ्यावर टेंगूळ उठते. काठावर उभी ठेवली तर काठ चपटा होतो. म्हणून मी त्या माथा खाली करून बुरूडाच्या दुरड्यांमध्ये ठेवतो. मावशींच्या दुरडीचा गोलवा अठ्ठावन्नच्या मापाला असा बसला की मुद्दाम बनवून घेतल्यासारखा वाटावा. बंद मोटारीत हॅट ठेवण्याचा तर प्रश्नच नाही. एकदा अर्धा तास ठेवली होती, तेवढ्यात आतली चामडी पट्टी लाकडासारखी कडक झाली.

पावसाळ्याची काळजी नेमकी उलटी. आषाढात सतत झड लागली की ओलावा हवा तेवढ्यावर थांबत नाही. एका वर्षी कपाटात बंद ठेवलेल्या क्वेंकाच्या हॅटच्या पट्टीमागे पांढरी बुरशी धरली होती. तेव्हापासून पावसाळ्यात त्या मोकळ्या हवेत राहतात, आठवड्यातून एकदा आतली पट्टी उलटवून सावलीत वारा दाखवतो, आणि मऊ ब्रशने विणीच्या दिशेने धूळ झटकतो. बुरशी कोरड्या ब्रशने निघाली, पण पट्टीमागे तिचा पिवळसर माग राहिला. उन्हात वाळवण्याचा मोह फार होतो, तो आवरावा.

खोबरेल तेलाचा विषय घरात वादाचा ठरला. पन्नास वर्षे रोज सकाळी डोक्याला तेल लावण्याची सवय, आणि तेल गवताच्या काडीतून दिव्याच्या वातीसारखे वर चढते. क्वेंकाच्या हॅटवर पट्टीच्या वरच्या अंगाला तपकिरी कड उमटली. टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवली, सकाळी झटकली, असे चार वेळा केल्यावर कड फिकी झाली, गेली नाही. आता शेतावर जायच्या दिवशी तेल रात्री लावतो आणि सकाळी डोके धुतो. सौभाग्यवतींच्या मते हॅटपायी डोक्याचे हाल चालले आहेत. या मतात तथ्य आहे, कारण माझे केस खरोखरच रखरखीत झाले आहेत.

सवयी बदलताना सर्वांत जड गेली ती नमस्काराची. कोणी वडीलधारे भेटले की डोक्यावरचे उतरवून हातात घ्यायचे, आणि हात आपोआप पुढच्या खाचेवर जातो. तीच जागा सर्वांत आधी फुटते. आता दोन्ही हातांनी काठ धरून हॅट उतरवतो, ती काखेत न घेता खाली माथ्यावर ठेवतो आणि मग हात जोडतो. या साऱ्याला इतका वेळ लागतो की, समोरचा माणूस तोवर नमस्कार करून पुढे निघून गेलेला असतो.

मोन्तेक्रिस्तीची हॅट मी शेतावर नेत नाही. लग्नकार्यात, बोरीच्या बाजाराला किंवा कोणाच्या घरी जायचे असेल तर ती घालतो. शेतावर क्वेंकाचीच जाते, हनुवटीखाली नाडी बांधून, कारण चैत्रातल्या एका वावटळीने ती दोन धुरे ओलांडून पळाट्यांच्या ढिगावर नेऊन टाकली होती. यंदा रोहिणी नक्षत्र कोरडे गेले. परवा संध्याकाळी तिची पट्टी उलटवून पाहिली तेव्हा मलमलीच्या तुकड्यापलीकडे आणखी दोन काड्या तडकलेल्या दिसल्या. न्हाणीघरात ओले टॉवेल टांगून ठेवले आहेत. सकाळी मलमलीचा मोठा तुकडा कापायचा आहे.